पलीकडच्या वर्गाकडे मागायचं काय?

मी सहावीला भूगोल शिकवत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेनं युरोपातल्या एका शाळेशी जोडणी केली होती आणि पहिली भेट व्हिडिओ कॉलवर ठरली होती. सकाळपासून नुसती धांदल. संगणक कक्षातला प्रोजेक्टर वर्गात आला, फळ्यावर पांढरी चादर ताणून बसवली, मुली नऊवारी नेसून आल्या, मुलांना फेटे बांधले. साडेतीनला पडदा उजळला. पहिली दहा मिनिटं 'हॅलो, आवाज येतोय का' यात गेली. मग आमच्या मुलींनी कोळीगीतावर नाच केला, तिकडच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी एक गाणं म्हटलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन्हीकडून हात हलले, फोटो निघाले, कॉल संपला. दोन दिवसांनी स्थानिक पुरवणीत बातमी आली. मथळ्यात 'जागतिक' हा शब्द होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला विचारलं, काल काय पाहिलंत? 'मज्जा आली', 'त्यांचा वर्ग केवढा मोठा', 'एका मुलीचे केस निळे होते', अशी उत्तरं आली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, म्हणाला, "बाई, त्यांच्या वर्गात पंखाच नव्हता." वर्ग हसला. मीही हसले आणि धड्याकडे वळले.

त्या हसण्याची टोचणी अजून जात नाही. अख्ख्या कॉलमध्ये भूगोलाचं एकच निरीक्षण झालं होतं आणि ते त्या पोरानं केलं होतं. पंखा का नव्हता? कारण त्या इमारती ऊब आत धरून ठेवायला बांधलेल्या. उन्हाळा ही तिकडच्या शाळेची अडचणच नव्हती. आता ती होऊ लागली आहे. २०२५ च्या जुलैच्या सुरुवातीला उष्णतेच्या लाटेनं फ्रान्समधल्या शेकडो शाळा पूर्ण किंवा काही तास बंद ठेवाव्या लागल्या. आणि उन्हाळ्याच्या बाबतीत आमची मुलं पिढ्यान्‌पिढ्यांची जाणकार! होळी झाली की सकाळची शाळा, खिडकीला ओलं पोतं, पत्र्याच्या वर्गापेक्षा कौलारू वर्गात बसायची धडपड, पाण्याचा माठ कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा याची अक्कल. तिकडच्या मुलांना नेमकं हेच विचारायचं असतं, जर त्यांना विचारायचं सुचलं असतं. आमच्याकडे द्यायला हे होतं आणि आम्ही दिला कोळीनाच. नाचाबद्दल तक्रार नाही, पण तो त्यांना कुठल्याही पडद्यावर दिसला असता.

देशोदेशीचे वर्ग एकमेकांना जोडावेत, मुलांनी जगापुढचे प्रश्न एकमेकांच्या सोबतीनं समजून घ्यावेत, या विचारावर आजवर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यातलं बरंचसं साधनांविषयी असतं: कुठलं ॲप, किती वेगाचं इंटरनेट, कॅमेरा कुठे लावायचा. या पुस्तिकेच्या पुढच्या पानांत उपक्रमांची आखणी आहे, तिथे तेही थोडं येईल. प्रस्तावनेत मला एवढंच सांगायचं आहे की या सगळ्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे. पलीकडच्या वर्गाकडून आपल्याला असं काय हवं आहे, जे आपल्या गावात मिळत नाही? नवीन बिऱ्हाड आलं की शेजाऱ्याशी ओळख दारात उभं राहून 'नमस्कार' म्हटल्यानं होत नाही. ती विरजणाच्या वाटीनं होते. मागणाऱ्याला गरज असते, देणाऱ्याकडे वस्तू असते, आणि वाटी परत करताना कोणी ती रिकामी देत नाही. दूरच्या शाळेशी नातं जुळतं तेही अगदी असंच. विरजण नसेल तर टाळ्या होतात.

हे मी स्वतःच्या अकलेनं सांगत नाही. शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच मास्तरानं ते करून दाखवलं आहे. सेलेस्तीन फ्रेने याचा जन्म १८९६ चा, आग्नेय फ्रान्समधल्या डोंगराळ भागातल्या गार नावाच्या खेड्यातला. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली. बराच काळ उपचारांत गेला, पण पूर्ण श्वास परत आला नाही. १९२० च्या जानेवारीत तो बार-स्युर-लू या गावच्या शाळेवर रुजू झाला. तासभर सलग बोलणं त्याला झेपत नसे, हे तो स्वतःच सांगे. मास्तराला बोलता येत नाही, तर वर्गात बोलायचं कोणी? मुलांनी. फ्रेनेच्या सगळ्या शिक्षणविचाराचं मूळ या दमलेल्या छातीत आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

१९२४ मध्ये त्यानं वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलांना गावात, शेतात, वाटेवर जे दिसे त्याविषयी ती सांगत, त्यातला एक मजकूर वर्ग निवडे, आणि मग शिशाचे खिळे एकेक करून जुळवले जात. खिळा उलटा असतो. 'डावीकडून उजवीकडे' ही सवय मोडून मुलांना अक्षर आरशातल्यासारखं वाचावं लागे. एक चूक राहिली की ती सगळ्या प्रतींवर उमटे. आपण वहीत शुद्धलेखनाच्या चुकांखाली लाल रेघा मारतो त्यानं जे होत नाही, ते या शिशाच्या खिळ्यांनी केलं, कारण पान दुसऱ्या कोणाच्या तरी हातात पडणार होतं.

कोणाच्या हातात? ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगँक या गावी रने दानिएल नावाचा दुसरा शिक्षक होता. फ्रान्सचं आग्नेय टोक आणि वायव्य टोक, मधे जवळजवळ हजार किलोमीटर. इकडे ऑलिव्हची झाडं आणि जवळच्या ग्रास गावातल्या अत्तरवाल्यांना लागणारी नारिंगाची फुलं. तिकडे अटलांटिक समुद्र, मासेमारी, भरती-ओहोटी. दोन्ही वर्ग आपापली छापलेली पानं टपालानं एकमेकांना धाडू लागले. पानांमागून पुडकी निघाली, त्यांत आपापल्या मुलखातले पदार्थ आणि वस्तू. आता यातली खरी गोम पाहा. ऑलिव्ह कसं झोडपतात, तेल कसं काढतात, हे बार-स्युर-लूच्या पोरांना 'माहीत' होतं, म्हणजे त्यांनी त्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. समुद्राकाठच्या पोरांना ते समजावून सांगायचं म्हटल्यावर त्यांना घाण्यावर जाऊन उभं राहावं लागलं, म्हाताऱ्यांना विचारावं लागलं, मोजावं लागलं. तिकडच्या पोरांचीही समुद्राबाबत तीच गत. पत्र दूरच्या माणसाला जातं, पण ते लिहिताना आपण आपल्याच गावाकडे पहिल्यांदा बघतो. माझ्या मते वर्ग जोडण्याचा हा सगळ्यात मोठा लाभ आहे आणि त्याचा उल्लेख सगळ्यात कमी होतो.

फ्रेनेचं पुढचं आयुष्य सुखाचं गेलं नाही. गावच्या प्रतिष्ठितांशी झगडा झाला, सरकारी शाळा सोडावी लागली, १९३५ मध्ये त्यानं व्हाँसला स्वतःची शाळा काढली, तिथे स्पेनच्या यादवीतून आलेली निर्वासित मुलं राहिली, १९४० मध्ये तो स्वतः बंदी छावणीत गेला. पण शाळाशाळांमधला पत्रव्यवहार वाढतच राहिला. सीमेपलीकडच्या पत्रांसाठी यातल्या काही शिक्षकांनी एस्पेरान्तोही वापरून पाहिली. १९५७ मध्ये या विचाराच्या शिक्षकांचा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. इंटरनेट यायला तेव्हा अजून खूप अवकाश होता. फ्रेनेच्या मुलांना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, आवाज ऐकू येत नव्हते, उत्तराला दिवस लागत. आमच्या कॉलमध्ये चेहरे, आवाज, लगेच उत्तर हे सगळं होतं, फक्त विचारायला काही नव्हतं.

फ्रेनेचं उदाहरण एका देशातलं, जगापुढच्या प्रश्नाचं नाही, असं कोणी म्हणेल. तर मग थेट पृथ्वीलाच हात घालू. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनीस यानं पृथ्वीचा घेर काढला. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी दक्षिणेला सायनी गावात, म्हणजे आजच्या आस्वानला, सूर्य विहिरीच्या तळाशी दिसतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. त्या सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. म्हणून दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास. हुशारी त्याची खरीच, पण सायनीची खबर अलेक्झांड्रियात बसून मिळणारी नव्हती. ती तिकडून यावी लागली. एका जागी उभं राहून पृथ्वी मोजता येत नाही.

फ्रान्समध्ये १९९६ पासून 'ला मँ आ ला पात' नावाची चळवळ चालते. नावाचा अर्थ 'हात पिठात'. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांनी ती सुरू केली. २००० च्या सुमारास त्यांनी एराटोस्थेनीसचा प्रयोग शाळाशाळांत नेला आणि पुढे अनेक देशांतल्या वर्गांनी तो केला. सामान काय लागतं? एक सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि दुसऱ्या अक्षांशावरची एक शाळा.

आकडे घालून पाहू. विषुवदिनी, म्हणजे २०-२१ मार्चला, पुण्यात एक मीटर उंचीच्या काठीची मध्यान्हीची सावली साधारण साडेतेहेतीस सेंटिमीटर पडते, दिल्लीत साडेचोपन्न. कोन काढले तर पुण्याचा साडेअठरा अंश, दिल्लीचा अठ्ठावीस पूर्णांक सहा. फरक दहा अंशांहून थोडा जास्त. दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ११२० किलोमीटर. त्रैराशिक मांडा, उत्तर चाळीस हजाराच्या अगदी जवळ येतं. मुलं हटकून रेल्वेचं अंतर घेतात. मग पृथ्वी पन्नास हजारांच्या पुढे फुगते आणि वर्गात भांडण लागतं. लागू द्यावं. उत्तर-दक्षिण अंतर म्हणजे काय हे त्या भांडणातून जितकं कळतं तितकं नकाशा दाखवून कळत नाही.

हा प्रयोग दिल्लीऐवजी जोहान्सबर्गच्या शाळेबरोबर केला तर आणखी बहार येते. त्यांचा कोन सव्वीस पूर्णांक दोन. आपली मुलं सवयीनं वजाबाकी करणार, फरक येणार पावणेआठ अंशांच्या आत, आणि पृथ्वीचा घेर निघणार सव्वादोन लाख किलोमीटरच्या वर! चूक कुठे झाली? हिशेब दहादा तपासून सापडत नाही. ती सापडते तिकडच्या वर्गाला विचारल्यावर: तुमची सावली कुठल्या बाजूला पडली? त्यांची दक्षिणेला पडलेली असते, आपली उत्तरेला. सूर्य दोघांच्या मधे आहे. वजाबाकी नव्हे, बेरीज करायची. दक्षिण गोलार्ध म्हणून जे पुस्तकात नुसतं नाव होतं, ते या एका उत्तरात खरं होतं. आणि हे विचारायला मुलांना कोणी सांगावं लागत नाही. गरज पडते म्हणून ती विचारतात. विरजणाची वाटी म्हणतात ती हीच.

शीतयुद्धाच्या शेवटी शेवटी, १९८८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या बारा आणि मॉस्कोतल्या बारा शाळा संगणकानं जोडल्या गेल्या. अमेरिकन उद्योजक पीटर कोपेन यांच्या कुटुंबाच्या निधीतून ते काम सुरू झालं. दोन्ही देशांची अण्वस्त्रं एकमेकांवर रोखलेली असताना दोन्हीकडच्या मुलांनी बोलावं, एवढाच हेतू. पण नुसत्या बोलण्यात काही जीव नसतो. ओळख झाली, आवडीनिवडी सांगून झाल्या, की पुढे काय? मुलं एकत्र एखादं काम करू लागली की गप्पा आपोआप होतात. या कामातून पुढे 'आयअर्न' ही संस्था वाढली. १९९४ मध्ये अर्जेंटिनातल्या पुएर्तो माद्रिन इथे तिला रीतसर रूप आलं आणि आज शंभराहून अधिक देशांत तिचं जाळं आहे. तिथे कोणताही उपक्रम मांडणाऱ्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: यानं पृथ्वीवरच्या जगण्यात कोणती सुधारणा होईल? प्रश्न सहावीच्या मुलासाठी जरा भारदस्तच आहे. मी त्याऐवजी विचारते, यानं तुझ्या वहीत कोणती ओळ अशी येईल जी तुला एकट्याला लिहिता आली नसती?

याच वर्तुळातली एक रीत मला फार पटते. मार्गारेट रील या अमेरिकन संशोधक बाईंनी 'लर्निंग सर्कल' मांडलं, आपण त्याला शिकण्याचा फेर म्हणू. सहा ते आठ वर्ग एका फेरात. प्रत्येक वर्ग आपला एक प्रश्न मांडतो आणि बाकीच्या सगळ्या वर्गांच्या प्रश्नांना आपल्या गावची माहिती पुरवतो. सत्राच्या अखेरीस प्रत्येक जण आपल्या प्रश्नाचं संकलन करून सगळ्यांना पाठवतो. भिशीच जणू! प्रत्येकाची पाळी येते, प्रत्येकाला भरावं लागतं, आणि कोणी हप्ता चुकवला तर सगळ्यांना कळतं. दोनच शाळांची जोडी असली तर एक शिक्षक बदलून गेला की संपलं. फेरात तसं होत नाही.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की परितेवाडीचं नाव येतंच आणि ते यायला हवं. माढा तालुक्यातल्या या छोट्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या रकमेतली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. बातम्यांत त्यांचे पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड आणि बक्षीस यांनाच जागा मिळाली. त्यांच्या 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' या उपक्रमाविषयी मात्र कमी बोललं गेलं. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराण आणि इराक, अशा ज्या देशांचं एकमेकांशी पटत नाही तिथल्याच मुलांना त्यांनी बोलतं केलं. इथे गरजेचा अर्थ आणखी खोल जातो. शेजारच्या देशातल्या मुलाविषयी आपल्याला जे सांगितलं गेलं आहे ते खरं की खोटं, याचा पडताळा फक्त तो मुलगाच देऊ शकतो.

साने गुरुजींची आंतरभारती आठवते ती इथे. भारताच्या एका प्रांतातल्या माणसानं दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथलं साहित्य वाचावं, तिथल्या घरी राहून यावं, असं त्यांचं स्वप्न होतं. त्यात कोणाला काही 'दाखवायचं' नव्हतं. शिकायला जायचं होतं. देशाबाहेरच्या शाळेशी जोडणी करायला निघालेल्या किती शाळांचा आपल्याच देशातल्या तमिळ किंवा आसामी शाळेशी पत्रव्यवहार आहे? कटू वाटेल, पण विचारून पाहावं.

आता मला ज्या जोडणीचा मोह आहे ती सांगते. अजून ती झालेली नाही. रत्नागिरी आणि मोम्बासा.

कोकणात मृगाचा पाऊस घेऊन येणारा वारा जिथून उठतो तो मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. हा वारा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी येतो, तिथल्या उंच डोंगररांगांना घासत उत्तरेला वळतो, केनिया आणि सोमालियावरून जोरात वाहत अरबी समुद्रात शिरतो आणि मग आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणून येतो. जमिनीपासून हजार-दीड हजार मीटर उंचीवरच्या या झोताचा अभ्यास फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञानं १९६९ मध्ये मांडला, म्हणून त्याला त्याचं नाव आहे. पण केनियाच्या कोळ्यांना आणि गलबतवाल्यांना हा वारा शतकानुशतकं माहीत आहे. स्वाहिलीत त्याला 'कुसी' म्हणतात, आणि हिवाळ्यात उलट दिशेनं येणाऱ्या वाऱ्याला 'कास्काझी'. कास्काझीवर आपल्याकडची गलबतं तिकडे जात, कुसीवर परत येत.

मोम्बासाच्या मुलांचा मोठा पाऊस मार्च ते मे. तो ओसरू लागतो तेव्हा रत्नागिरीची मुलं आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. त्यांचा पाऊस संपणं आणि आपला सुरू होणं, मधे तोच वारा. दोन्ही शाळांनी एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत रोज एका वेळी वाऱ्याची दिशा आणि पाऊस नोंदवला तर वहीची दोन पानं शेजारी ठेवून मुलांना काय दिसेल, याची मला फार उत्सुकता आहे. शाळा मे महिन्यात बंद असते ही अडचण खरी, पण पर्जन्यमापक घराच्या अंगणातही राहतो. अशा नोंदी शास्त्रशुद्ध कशा घ्यायच्या हे अमेरिकेनं १९९४ च्या वसुंधरा दिनी जाहीर केलेल्या 'ग्लोब' कार्यक्रमानं शाळांसाठी व्यवस्थित ठरवून दिलं आहे; भारत २००० साली त्यात सामील झाला. हवामान बदलावर दहा निबंध लिहून घेण्यापेक्षा ही एक वही भरणं मला जास्त मोलाचं वाटतं. बदल हा शब्द वापरायचा तर आधी काय होतं याची नोंद तर हवी.

त्याच कास्काझीच्या दिवसांत आणखी एक प्रवासी याच वाटेनं जातो. अमूर ससाणा: मुठीत मावेल एवढा नाही, पण कबुतराहून लहानच. सैबेरिया, मंगोलिया, चीन इथून निघून हे ससाणे ऑक्टोबरात नागालँडच्या दोयांग जलाशयापाशी प्रचंड संख्येनं उतरतात. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून त्यांची मोठी शिकार होत असल्याचं उघड झालं; पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली. २०१३ मध्ये तीन ससाण्यांना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले, नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. ते महाराष्ट्राच्या आभाळातून जातात, अरबी समुद्र न थांबता ओलांडतात, सोमालियामार्गे दक्षिण आफ्रिकेत पोचतात. उत्तर अमेरिकेत मोनार्क फुलपाखरांसाठी असं काम कधीपासून चालू आहे: अमेरिका आणि कॅनडातली मुलं कागदी फुलपाखरं मेक्सिकोला धाडतात, तिथल्या अभयारण्याशेजारच्या शाळा ती हिवाळाभर सांभाळून वसंतात परत पाठवतात. ससाण्यासाठी नागालँडमधलं पांगती गाव, आपल्याकडचं एखादं गाव आणि दक्षिण आफ्रिकेतली एक शाळा, अशी साखळी का नसावी? कोणत्याही एका गावाला तो पक्षी पुरता दिसत नाही.

एक सावधगिरी. श्रीमंत देशातली शाळा आणि गरीब देशातली शाळा जोडली की बघता बघता एक बाजू दात्याची होते, दुसरी याचकाची. तिकडून वह्या, पेन्सिली, जुने संगणक येतात, इकडून आभाराची पत्रं जातात. ब्राझिलियन अभ्यासक वनेसा आंद्रेओत्ती यांनी २००६ मध्येच यावर बोट ठेवलं होतं: जगाच्या प्रश्नांचं शिक्षण 'बिचाऱ्यांना मदत' इथेच थांबलं, तर ते बिचारे तसे का झाले आणि त्यात आपला वाटा काय, हे विचारायचं राहूनच जातं. आपण याचक होतो तेव्हा हे चटकन कळतं. पण पुण्या-मुंबईची शाळा नंदुरबारच्या आश्रमशाळेशी जोडली जाते तेव्हा दात्याच्या खुर्चीत कोण बसतं? ब्लँकेटं वाटून फोटो काढले जातात. त्या आश्रमशाळेतल्या मुलांना रानातल्या किती भाज्या ओळखता येतात हे शहरातला वर्ग विचारत नाही, कारण त्या माहितीची आपल्याला गरज आहे असं त्याला वाटतच नाही.

प्रमाणपत्रांचं दुखणं वेगळं. आंतरराष्ट्रीय जोडणीचा शिक्का शाळेच्या माहितीपत्रकावर शोभतो, म्हणून उपक्रम मार्चअखेरीच्या आत 'पूर्ण' होतात. फाइल जाड होते. असल्या फायली मीही भरल्या आहेत.

भाषेची भीती मात्र अकारण वाटते असा माझा अनुभव आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीत गप्पा मारता येत नाहीत म्हणून शाळा कचरते आणि मग वर्गातली चार चुणचुणीत मुलं पुढे बसतात, बाकी प्रेक्षक होतात. सावलीची लांबी सांगायला किती इंग्रजी लागतं? आकडा, चित्र, नकाशा, झाडाचं पान कागदावर ठेवून काढलेला ठसा, यांना भाषांतर लागत नाही. उरलेलं शिक्षकानं करावं, आणि पलीकडच्या मुलांना चार मराठी शब्द शिकू द्यावेत. कुसी शिकणारा मुलगा मतलई शिकवूही शकतो. वेळेचाही बाऊ नको. केनिया आपल्यामागे अडीच तास आहे, तिथल्या शाळेशी सकाळी बोलता येईल. न्यूयॉर्कशी बोलायचं तर कोणाला तरी झोपेतून उठावं लागतं. पण थेट बोलायलाच हवं असं कुठे आहे? फ्रेनेच्या मुलांचं उत्तराची वाट पाहण्यात काही बिघडलं नाही. मला तर वाटतं, उलट घडलं. आणि एक गोष्ट कडकपणे पाळावी: मुलांची नावं, चेहरे, घरचे नंबर सीमेपलीकडे जाऊ देऊ नयेत. वर्गाला एक नाव द्यावं, पत्र वर्गाच्या नावानं जावं.

पुढच्या पानांतले उपक्रम वाचताना एवढंच पाहावं की त्यातला कुठला आपल्या वर्गाला खरोखर हवा आहे. नसेल तर पुस्तिका बाजूला ठेवा आणि मुलांना विचारा; मागच्या बाकापासून सुरुवात करा. कुठून तरी सुरुवात करायचीच असेल तर काठी घ्या. ओळंब्यानं ती सरळ उभी करा आणि घड्याळाच्या बारावर विसंबू नका. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे. २१ मार्चला पुण्यात सूर्य सर्वांत उंच येतो तो १२ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास, दिल्लीत १२ वाजून २८ ला. बारा वाजल्यापासूनच दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करत राहा. सगळ्यांत आखूड सावली तुमची. दुसरी कोणाकडून मागवायची ते मुलांना ठरवू द्या.